एकाच डीव्हीडीतल्या चार किमती

गेल्या दिवाळीत साताऱ्याच्या घरी माळा आवरताना बाबांचा जुना लॅपटॉप सापडला. 2006 च्या जूनमध्ये, शाळा सुरू व्हायच्या तोंडावर घेतलेला. उचलला तर पाट्यावरवंट्याची आठवण व्हावी इतका जड. कीबोर्डच्या खाली उजव्या कोपऱ्यात एक स्टिकर अजून घट्ट चिकटलेला होता : ‘विंडोज व्हिस्टा कॅपेबल’. लहानपणी मला ते त्या लॅपटॉपचं नावच वाटायचं. गंमत अशी की त्या मशीनवर व्हिस्टा कधी आलंच नाही. ते एक्सपी घेऊन घरात आलं आणि एक्सपी घेऊनच माळ्यावर गेलं.

एरवी मी स्टिकरचा फोटो काढून ग्रुपवर टाकला असता आणि विषय संपला असता. पण त्या आठवड्यात डोक्यात दुसरंच काहीतरी घोळत होतं. मी पुण्यात एका छोट्या कंपनीत सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. आमचं सॉफ्टवेअर ट्रान्सपोर्टवाले वापरतात : गाड्या, फेऱ्या, डिझेल, बिलं. मध्यंतरी आम्ही एकाच्या जागी तीन प्लॅन केले आणि रिपोर्ट एक्सेलमध्ये डाउनलोड करायची सोय वरच्या प्लॅनमध्ये ढकलली. कोड मीच लिहिला. कोड तरी कसला, एक ओळ : ग्राहकाचा प्लॅन अमुक असेल तर फाइल द्या, नाहीतर पैसे भरायचं पान दाखवा. पुढच्या आठवड्यात सपोर्टच्या मुलीने मला एक कॉल ऐकवला. नाशिककडचे एक गृहस्थ होते. ते चिडलेले नव्हते, गोंधळलेले होते. म्हणाले, “ताई, बटण तर दिसतंय की. कालपर्यंत चालत होतं. मग आज दाबल्यावर पैसे का मागतंय?”

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. म्हणजे मीटिंगमध्ये दिलेलं उत्तर होतं, पण ते त्यांना देता येण्यासारखं नव्हतं. मग त्या स्टिकरच्या निमित्ताने मी व्हिस्टाचा इतिहास वाचत बसले. नवी ऑपरेटिंग सिस्टिम, तिची किंमत आणि त्यावर चिडलेली माणसं या विषयावर जगात याहून मोठा धडा सापडणं कठीण.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण तुमच्यापैकी अनेकांचा पहिला कम्प्युटर हा फोनच असणार. विंडोज एक्सपी बाजारात आली 25 ऑक्टोबर 2001 ला. पुढची आवृत्ती दोन-तीन वर्षांत यायची होती, तिचं आतलं नाव लाँगहॉर्न. पण काम इतकं फसत गेलं की 2004 मध्ये मायक्रोसॉफ्टने बरंचसं बाजूला ठेवून पुन्हा सुरुवात केली. त्याच वर्षी विंडोजचे प्रमुख जिम ऑलचिन यांनी बिल गेट्स आणि स्टीव्ह बामर यांना एक मेल लिहिला होता. मी मायक्रोसॉफ्टमध्ये नसतो तर आज मॅक घेतला असता, असा त्याचा आशय. पुढे एका खटल्यात तो मेल जगासमोर आला, तेव्हा आपण मुद्दा ठसवण्यासाठी नाट्यमय भाषा वापरली होती असा खुलासा त्यांनी केला. तो पटण्यासारखाही आहे. पण वर्षानुवर्षं रखडलेल्या प्रोजेक्टवर काम केलेल्या कुणालाही त्या मेलचा सूर ओळखीचा वाटेल.

शेवटी 30 जानेवारी 2007 ला व्हिस्टा सामान्य ग्राहकांसाठी आली. एक्सपीनंतर पाच वर्षांहून जास्त काळाने. एवढी वाट बघायला लावल्यावर लोक काय मागतात? काहीतरी डोळ्यांना दिसेल असं. ते व्हिस्टाकडे होतं : काचेसारख्या पारदर्शक खिडक्या, ज्याला एअरो म्हणायचे, आणि स्टार्ट मेनूतच शोधायची सोय. पण दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न हा नव्हताच. पहिला प्रश्न होता, कुठली घेऊ?

एक्सपीच्या वेळी साधा हिशेब होता. घरासाठी होम, कामासाठी प्रोफेशनल. व्हिस्टाच्या सहा आवृत्त्या निघाल्या. त्यातली स्टार्टर ही आपल्यासारख्या देशांत नव्या कम्प्युटरबरोबरच मिळायची आणि एंटरप्राइज फक्त मोठ्या कंपन्यांना. राहिल्या चार : होम बेसिक, होम प्रीमियम, बिझनेस, अल्टिमेट. अमेरिकेत त्यांची पूर्ण किंमत अनुक्रमे 199, 239, 299 आणि 399 डॉलर. जुनी विंडोज असलेल्यांना अपग्रेड स्वस्त, म्हणजे सुमारे 100 ते 259 डॉलर. नीट बघितलं तर खालचा आकडा एक्सपी होमइतकाच होता. म्हणजे किंमत वाढवली नाही असं कंपनी म्हणू शकत होती. पण होम बेसिकमध्ये ती काच नव्हती. जाहिरातीत जे दाखवलं, त्यासाठी एक पायरी वर चढावं लागायचं. बिझनेस आवृत्ती घेतली तर घरच्या टीव्हीसाठीचं मीडिया सेंटर नाही. घरी काम करणाऱ्या आणि रात्री सिनेमा बघणाऱ्या माणसाला दोन्ही हवं असेल तर अल्टिमेट.

आता माझ्या दृष्टीने सगळ्यात रोचक भाग. दुकानातल्या त्या वेगवेगळ्या रंगांच्या डब्यांमधली डीव्हीडी मुळात एकच होती. चारही आवृत्त्या त्याच तबकडीवर. तुम्ही टाकलेली प्रॉडक्ट की ठरवायची की तुम्हाला काय मिळणार. नंतर वरची आवृत्ती हवी झाली तर इंटरनेटवर पैसे भरा, नवी की घ्या आणि तीच डीव्हीडी पुन्हा घाला. इंजिनियर म्हणून मला हे पूर्ण समजतं. चार वेगळ्या गोष्टी बांधायच्या, चार वेळा तपासायच्या, यापेक्षा एकच बांधून कुलूप लावणं सोपं आणि सुरक्षित. मीही तेच केलं होतं. पण ग्राहकाच्या बाजूने बघा : 199 डॉलर देऊन घरी आणलेल्या डब्यात 399 डॉलरची वस्तू आधीच आहे, फक्त ती तुमची नाही.

याहून पुढचा एक किस्सा आहे. व्हिस्टामध्ये फाइलची जुनी प्रत परत मिळवायची सोय होती. चुकून काही खोडलं, तर फाइलवर राइट क्लिक करून कालची प्रत घ्यायची. ही सोय बिझनेस आणि अल्टिमेटमध्ये होती, होम आवृत्त्यांमध्ये नाही. पण होम आवृत्त्यांमध्येसुद्धा सिस्टिम रिस्टोअरच्या निमित्ताने त्या जुन्या प्रती डिस्कवर जमा होतच होत्या. जागा खात होत्या. फक्त त्या बघायला खिडकी ठेवलेली नव्हती. बाहेरच्या लोकांनी छोटी साधनं लिहून ती खिडकी उघडली. आमच्या नाशिकच्या काकांना बटण दिसत होतं आणि फाइल मिळत नव्हती. इथे फाइल घरात होती आणि बटण काढून घेतलेलं होतं. कुठलं जास्त वाईट, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

ॲपलने याचा पुरेपूर फायदा घेतला. 2007 च्या जूनमध्ये स्टीव्ह जॉब्स यांनी मंचावरून नव्या मॅक ओएस एक्स लेपर्डच्या किमती जाहीर केल्या. बेसिक आवृत्ती 129 डॉलर. मग प्रीमियम, 129 डॉलर. बिझनेस, 129. एंटरप्राइज, 129. अल्टिमेट, तीही 129. सभागृह हसून लोळलं. विनोद चांगलाच होता, पण त्यात एक सोयीस्कर विसर आहे. ॲपलची ओएस ॲपलच्याच महागड्या मशीनवर चालायची. खरी किंमत त्यांनी आधीच वसूल केलेली असायची. मायक्रोसॉफ्टला आठशे मेगाहर्ट्झच्या खटाऱ्यापासून ते नव्या कोऱ्या मशीनपर्यंत सगळीकडे चालावं लागत होतं. तिथेच खरा घोळ झाला, आणि तिथेच बाबांच्या लॅपटॉपवरचा स्टिकर येतो.

व्हिस्टा 2006 च्या दिवाळी-नाताळच्या खरेदीला चुकणार हे उघड झाल्यावर लोक कम्प्युटर घ्यायचे थांबतील अशी भीती होती. म्हणून एप्रिल 2006 पासून नव्या मशीनवर स्टिकर लावायला सुरुवात झाली. मशीनचे दर्जे दोन. ‘प्रीमियम रेडी’ म्हणजे एक जीबी मेमरी, बऱ्यापैकी ग्राफिक्स, काच चालणार. ‘कॅपेबल’ म्हणजे 512 एमबी मेमरी, काच चालेलच असं नाही, पण होम बेसिक तरी चालेल. शब्दांतला हा फरक इंग्रजी कोशात असेल. दुकानात उभ्या माणसासाठी तो नव्हता. त्यातून इंटेलच्या 915 नावाच्या ग्राफिक्स चिपला नव्या ड्रायव्हरची अट पूर्ण करता येत नव्हती. ती बसवलेले लॅपटॉप तर ढिगाने विकले जात होते. मग ‘कॅपेबल’साठी ती अटच सैल केली गेली.

2007 मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या ग्राहकांनी दावा लावला, आणि 2008 च्या फेब्रुवारीत कंपनीतले मेल न्यायालयामार्फत उघड झाले. ते वाचताना मला आमच्याच ऑफिसच्या चॅटमध्ये डोकावल्यासारखं वाटलं. एक अधिकारी लिहितो की इंटेलचे तिमाही आकडे बरे दिसावेत म्हणून आपण अट खाली आणली. माइक नॅश हे उपाध्यक्ष लिहितात की मी स्वतः या स्टिकरला फसलो, आता माझ्याकडे 2,100 डॉलरचं फक्त मेल बघायचं मशीन आहे. संचालक मंडळावरचे जॉन शर्ली सांगतात की माझ्या घरच्या उपकरणांना ड्रायव्हरच मिळत नाहीत, म्हणून एक मशीन मी अपग्रेड करणारच नाही. ज्यांनी वस्तू बनवली तेच तिचे वैतागलेले ग्राहक होते. दावा पुढे फारसा टिकला नाही. न्यायालयाने 2009 मध्ये त्याचा सामूहिक दर्जा काढून घेतला. पण तोवर मेल सगळ्यांनी वाचून झाले होते.

ड्रायव्हरचा प्रश्न थोडा समजावून सांगते, कारण लोक ज्याला ‘व्हिस्टा बिघडली’ म्हणत होते, त्यातला मोठा भाग हा होता. प्रिंटर, स्कॅनर, ग्राफिक्स कार्ड यांना ओएसशी बोलायला जो मधला दुभाषा लागतो तो ड्रायव्हर. व्हिस्टाने बोलण्याचे नियमच बदलले. ते बदलणं गरजेचं होतं, पण शेकडो कंपन्यांना आपापले दुभाषे नव्याने तयार करावे लागले आणि अनेकांनी ते वेळेत केले नाहीत. त्याच खटल्यातल्या कागदपत्रांनुसार 2007 मध्ये नोंदलेल्या व्हिस्टाच्या क्रॅशपैकी जवळपास 29 टक्के एका ग्राफिक्स कंपनीच्या, एनव्हिडियाच्या, ड्रायव्हरमुळे होते. ग्राहकाला एनव्हिडिया दिसत नाही. त्याला पडद्यावर विंडोज दिसते.

आणि ‘परवानगी द्यायची का?’ विचारणारी ती पाटी. एक्सपीवर आपण सगळेच मालक म्हणून लॉगिन करायचो. कुठलाही प्रोग्राम कुठेही काहीही करू शकायचा, व्हायरससुद्धा. व्हिस्टाने दर महत्त्वाच्या कामाआधी पडदा काळवंडून विचारायला सुरुवात केली. लोक वैतागले. ॲपलने जाहिरात केली, ज्यात पीसीच्या मागे काळा चष्मा घातलेला सुरक्षारक्षक उभा राहून प्रत्येक वाक्याला परवानगी विचारतो. 2008 मध्ये मायक्रोसॉफ्टच्याच डेव्हिड क्रॉस यांनी एका परिषदेत कबूल केलं की ही पाटी लोकांना त्रास व्हावा म्हणूनच ठेवली होती. त्रास झाला की लोक सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांवर चिडतील, आणि ते आळस सोडून नीट कोड लिहितील. तसंच झालं. गरज नसताना मालकाचा हक्क मागणारे प्रोग्राम हळूहळू सुधारले. हिशेब बरोबर होता, फक्त बिल ग्राहकाच्या नावावर फाडलं होतं.

इथे आपल्याकडे काय चाललं होतं? 399 डॉलर म्हणजे त्या वेळच्या दराने साडेसतरा हजार रुपयांच्या घरात. बाबांनी तेव्हा राजवाड्याजवळच्या एका कम्प्युटरवाल्याला व्हिस्टाची किंमत विचारली होती, हे मला परवा त्यांच्याकडूनच कळलं. तो म्हणाला, “सर, विकत?” आणि मनापासून हसला. किमतीवरची ही आपली प्रतिक्रिया. लंडनमध्ये लोक अल्टिमेट अमेरिकेपेक्षा जवळपास दुप्पट भावात का म्हणून संतापले होते. आपल्या पेठांमध्ये संतापायला आधी विकत घ्यायचा विचार तरी मनात यावा लागतो. नव्या लॅपटॉपबरोबर आली तर ठीक, नाहीतर दुकानदाराची मार्करने नाव लिहिलेली सीडी. ही काही अभिमानाने सांगायची गोष्ट नाही, पण एक्सपी आपल्या इतक्या घरांत पोचली ती बऱ्याच अंशी अशीच.

पण व्हिस्टातली एक सोय खास आपल्यासाठी होती, आणि पानंच्या पानं भरून लिहिलेल्या त्या इंग्रजी परीक्षणांमध्ये तिचा उल्लेख मला सापडला नाही. बाबा मराठीचे शिक्षक. प्रश्नपत्रिका स्वतः टाइप करायची त्यांना हौस. एक्सपीत देवनागरीचा मंगल फाँट होता, पण जोडाक्षरं आणि वेलांट्या नीट दिसायच्या तर कंट्रोल पॅनलमध्ये जाऊन ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’च्या खुणेवर टिक करावी लागे, आणि मग एक्सपीची मूळ सीडी मागितली जाई. सीडी नसेल तर मराठी नाही. टिक न केलेल्या मशीनवर ‘किती’मधली पहिली वेलांटी ‘क’च्या मागे जाऊन बसायची, ‘प्रश्न’ तुटून पडायचा, कुठे नुसते चौकोन. त्या काळात बऱ्याच वृत्तपत्रांच्या साइट स्वतःचा वेगळा फाँट उतरवून घ्यायला लावायच्या आणि डीटीपीवाले आपापल्या फाँटच्या राज्यात राहायचे. एकाची फाइल दुसऱ्याकडे उघडायची नाही. व्हिस्टात ही टिकच नाहीशी झाली. देवनागरी पहिल्या दिवसापासून, सगळ्या आवृत्त्यांमध्ये, सीडी न मागता. होम बेसिकलासुद्धा. इतकी कुलपं लावणाऱ्यांनी आपल्या लिपीला लावलं नाही, कारण बहुधा त्यातून पैसे निघतील असं कुणाला वाटलंच नसावं. बाबांना मात्र त्या सोयीसाठी तीन वर्षं थांबावं लागलं. तोवर ते दर वेळी फॉरमॅटनंतर त्या दुकानात सीडीसाठी जायचे आणि मी सोबत, कारण शेजारी भेळ मिळायची.

ग्राहकांच्या रागाने काय साधलं, हेही बघायला हवं. एप्रिल 2007 मध्ये, म्हणजे तीन महिन्यांतच, डेलने ग्राहकांच्या मागणीवरून घरगुती मशीनवर पुन्हा एक्सपी द्यायला सुरुवात केली. एक्सपीची विक्री बंद करायची तारीख पुढे ढकलली गेली. ती वाचवा म्हणून इन्फोवर्ल्डने काढलेल्या मागणीपत्रावर दोन लाखांहून जास्त लोकांनी सह्या केल्या. जुनी वस्तूच विकत राहा म्हणून सह्यांची मोहीम! फेब्रुवारी 2008 मध्ये किमती उतरल्या, अल्टिमेट 399 वरून 319 वर आली. सगळ्यात महाग डबा घेणाऱ्यांना ‘अल्टिमेट एक्स्ट्राज’ नावाच्या खास भेटी मिळत राहतील असं वचन होतं. त्यांना मिळालं काय, तर पत्त्यांचा एक खेळ, हलणारा वॉलपेपर, काही आवाज, काही किरकोळ साधनं.

त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने मोहावे प्रयोग केला. व्हिस्टाबद्दल वाईट मत असलेल्या एक्सपीवाल्यांना बोलावून ‘मोहावे’ नावाची नवी ओएस दाखवली. त्यांना ती आवडली. मग सांगितलं, ही व्हिस्टाच आहे. जाहिरातीत त्यांचे आश्चर्यचकित चेहरे दाखवले. मला हा प्रयोग बघून कंपनीची कीव आली. त्या खोलीत लॅपटॉप आधीच नीट बसवलेला होता, दाखवणारा माणूस शेजारी होता, घरचा जुना प्रिंटर नव्हता आणि बिलही नव्हतं. ग्राहकाचे सगळे प्रश्न खोलीबाहेर ठेवून त्याचं मत चुकीचं होतं हे सिद्ध केलं.

22 ऑक्टोबर 2009 ला विंडोज 7 आली आणि लोकांनी ती डोक्यावर घेतली. आतला आवृत्ती क्रमांक बघाल तर व्हिस्टाचा 6.0 आणि सेव्हनचा 6.1. पाया तोच. पण तोवर ड्रायव्हर तयार झाले होते, मेमरी स्वस्त झाली होती, परवानगीची पाटी कमी वेळा येत होती आणि सुरुवातीच्या दोन आठवड्यांत आगाऊ नोंदणी करणाऱ्या अमेरिकन ग्राहकाला होम प्रीमियमचं अपग्रेड 50 डॉलरला मिळत होतं. व्हिस्टाच्या ग्राहकांनी सोसलेल्या पावणेतीन वर्षांवर सेव्हनचं नाव झालं, असं म्हटलं तर फार चुकणार नाही. आवृत्त्या तेव्हाही अनेक होत्या. होम बेसिक तर खास भारतासारख्या बाजारांसाठीच ठेवली. स्टार्टरमध्ये एका वेळी तीनच प्रोग्राम चालतील अशी अट येणार होती, पण टीका झाल्यावर बाजारात यायच्या आधीच ती काढली. वॉलपेपर बदलता येणार नाही, ही अट मात्र राहिली. कुणीतरी बसून ती ओळ लिहिली असेल : आवृत्ती स्टार्टर असेल तर वॉलपेपर बदलू देऊ नका. मला त्या माणसाला भेटायला आवडेल.

दिवाळीनंतर ऑफिसात मी प्रस्ताव मांडला की जे ग्राहक आधीपासून एक्सेल डाउनलोड वापरत होते त्यांना ते जुन्याच दरात राहू द्यावं. नव्यांना हवे ते प्लॅन. दीड तास चर्चा झाली. विक्रीवाल्यांचं म्हणणं होतं की निम्म्या लोकांनी अपग्रेड केलंच आहे, मग आता बाकीच्यांना फुकट दिलं तर पैसे भरलेले भडकतील. त्यातही तथ्य आहे, आणि माझ्याकडे त्यावर चांगलं उत्तर नव्हतं. निर्णय पुढच्या तिमाहीवर गेला. तात्पुरता उपाय म्हणून खालच्या प्लॅनमध्ये ते बटण दिसायचंच बंद करायचं ठरलं. तो बदलही मीच केला, दहा मिनिटांचं काम. नाशिकच्या काकांना आता बटण दिसत नाही. त्यांचा कॉल परत आलेला नाही.

लॅपटॉप बाबांनी भंगारात द्यायला नकार दिला. त्यात 2006 पासूनच्या प्रश्नपत्रिका आहेत म्हणे. चार्जर सापडला तर उघडून बघू.